ऑस्ट्रेलियातील बालपण : गाळलेले प्रकरण



एथेल टर्नर या लेखिकेची ‘सेव्हन लिटल ऑस्ट्रेलियन्स’ ही बालकादंबरी १८९४ साली प्रसिद्ध झाली. या सात भावंडांकडून आदर्श वर्तनाची अपेक्षा धरू नये, असे लेखिका आरंभीच बजावते. नव्या भूमीत वाढणाऱ्या गोऱ्या मुलाचे मोकळे, खोडकर रूप या ग्रंथाने लोकप्रिय केले. पहिल्या आवृत्तीत मूलनिवासींची म्हणून सांगितलेली एक छोटी कथाही होती. पुढील आवृत्त्यांतून ती गाळली गेली व १९९४ च्या शताब्दी आवृत्तीत पुन्हा छापली गेली. त्या देशातील बालपणाच्या इतिहासाचेही असेच झाले आहे.

व्हिक्टोरिया वसाहतीने १८७२ साली मोफत, सक्तीच्या व धर्मनिरपेक्ष शिक्षणाचा कायदा केला. त्याचा अभिमान रास्तच होय. परंतु त्याच वसाहतीने तीन वर्षे आधी, १८६९ साली, मूलनिवासी मुलांनी कोठे व कोणाजवळ राहावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारकडे घेतला होता. न्यू साउथ वेल्समध्ये तर १९१५ नंतर आईबापांकडून मूल काढून नेण्यास न्यायालयात त्यांची हेळसांड सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. कूटामंड्रा येथील संस्थेत मुलींना घरकामाच्या नोकरीसाठी तयार केले जाई. किन्चेला येथे मुलगे नावाऐवजी क्रमांकाने ओळखले जात. १९१० ते १९७० या काळात दहांतील एक ते तीनांतील एक मूलनिवासी मूल असे हिरावले गेले, असा निष्कर्ष १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने काढला.

गरीब गोऱ्या मुलाचीही सुटका नव्हती. पिंजारा येथे १९१२ साली स्थापन झालेल्या फेअरब्रिज शेतीशाळेसारख्या संस्थांत ब्रिटनमधून मुले आणली गेली. आईवडील हयात असताना ‘तू अनाथ आहेस’ असे कित्येकांना सांगण्यात आले.

या दोन्ही व्यवहारांच्या मुळाशी एकच विचार होता. परक्या भूमीत कायमची वस्ती करणाऱ्या राष्ट्राला भूमीचा भावी वारस म्हणजे मूल. म्हणून एकीकडे गोरी मुले आणून भूमी भरावयाची, दुसरीकडे मूळ वारसाला त्याची भाषा व आप्त विसरावयास लावायचे. या कामाला ‘संरक्षण’ असे नाव होते.

या संरक्षणाची नोंद मात्र दप्तरांत राहिली. पीटर रीड व कोरल एडवर्ड्स यांनी १९८० साली ‘लिंक-अप’ ही संस्था स्थापन केली, तेव्हा हीच दप्तरे ताटातूट झालेल्यांना घरची वाट दाखवू लागली. मुलांपर्यंत कधीच न पोहोचलेली आईबापांची पत्रेही काही दप्तरांत सापडली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला आईने आपल्याला टाकले नव्हते, हे तेव्हा कळले.

पंतप्रधान केव्हिन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी मूलनिवासींची, आणि १६ नोव्हेंबर २००९ रोजी संस्थांत वाढलेल्या व ब्रिटनमधून आणलेल्या मुलांची संसदेत क्षमा मागितली. क्षमेने बालपण परत येत नाही. परंतु गाळलेले प्रकरण ग्रंथात परत आले. आणि ते परत येऊ शकले, याचे कारण कोणीतरी ते कागद जपून ठेवले होते. ग्रंथालयाने शंभर वर्षे केलेल्या सेवेचा अर्थ याहून वेगळा तो काय असणार?