परदेशसेवेची पूर्वतयारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



टाकाऊ वस्तूंपासून उपयुक्त वस्तू करणारी स्त्रियांची मंडळे परदेशांत आहेत. तेथे जाऊन काही महिने विनावेतन सेवा करावी, असा विचार आपल्या नामदेव शिंपी ज्ञातीतील काही पदवीधर कन्यांच्या मनात घोळत आहे. त्यावर वडीलधाऱ्यांचा प्रश्न असा की, ‘मोठ्या कष्टाने आपण सुई ठेवून लेखणी हाती घेतली, आता मुलींनी समुद्र ओलांडून पुन्हा चिंध्याच शिवाव्यात काय?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यामागे दारिद्र्याची आठवण आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया या चिमुकल्या देशात न्जाऊ नावाचे खेडे आहे. तेथे वाटेवर पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या खाऊन बकऱ्या दगावत. इसातू सीसे या स्त्रीने १९९७ साली मोजक्या मैत्रिणींसह त्या पिशव्या गोळा केल्या, धुऊन वाळवल्या, त्यांच्या लांब पट्ट्या कापल्या आणि क्रोशाच्या सुईने विणून पैशांच्या लहान पिशव्या केल्या. आरंभी लोकांनी कुचेष्टा केली. पुढे विक्रीचा पैसा स्त्रियांच्या हाती खेळू लागला.

अशा ठिकाणी जाणाऱ्या मुलीने एक गोष्ट मनाशी बांधावी. जे त्या स्त्रियांच्या हातांत वर्षानुवर्षे मुरले आहे, ते चार दिवसांच्या पाहुणीने त्यांना शिकवू नये, आपण शिकावे. हिशेब, पत्रव्यवहार, मालाची किंमत ठरविणे यांत त्यांनी मागितल्यास मदत करावी. म्हणजे खरी तयारी विद्यार्थिनी होण्याची, आणि तिचा आरंभ घरीच झाला पाहिजे.

जुन्या लुगड्यांचे थर अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवणाऱ्या आजीपाशी आधी बसावे. उल्हासनगरच्या जीन्सच्या चिंध्यांवर हात बसवावा. ते जाड कापड दुमडले की साधी सुई मोडते आणि कडा न दुमडल्यास धागे सुटतात, हे अनुभवाने कळते. शके ९८२ च्या, म्हणजे इ. स. १०६० च्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीच्या काठी उभे राहावे. न्जाऊची अडचण आपल्या दारीही आहे, हे डोळ्यांना दिसेल.

मात्र हा कचरा वेचते कोण? पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. त्या संघटित झाल्या आणि त्यांच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ साली महानगरपालिकेशी करार केला. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेनेही ‘परिसर विकास’ या उपक्रमाद्वारे अशा भगिनींना साथ दिली. आफ्रिकेतील भगिनीला ‘ताई’ म्हणावयाचे आणि आपल्या दारच्या कचरा वेचणारीला ‘अगं ए’, ही सेवा नव्हे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. काम कोणते, मुदत किती, राहणे कोठे, खर्च कोणाचा, हे त्या मंडळाकडून लेखी मागवावे. सेवेसाठी कोणता व्हिसा लागतो, हे आधी विचारावे. पश्चिम आफ्रिकेस जावयाचे तर पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस टोचून घ्यावी. तो दाखला नसल्यास परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलग राहावे लागू शकते. हिवतापाबद्दल वैद्यांचा सल्ला घ्यावा. परतीचे तिकीट हाती असावे.

राहिला वडीलधाऱ्यांचा प्रश्न. पोटासाठी नाइलाजाने धरलेली सुई आणि स्वेच्छेने उचललेली सुई, यांत अंतर आहे. लाज सुईची नव्हती, लाचारीची होती. आपले नामदेव महाराज पंजाबपर्यंत गेले, तेथील लोकांत मिसळले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. दूरच्यांना आपले मानणे आपल्या ज्ञातीस नवे नाही.

म्हणून मंडळास माझी विनंती आहे. बदलापुरात दर रविवारी असा अभ्यासवर्ग चालवावा. त्यात आपल्या आज्यांबरोबर कचरा वेचणाऱ्या भगिनींनाही शिक्षिका म्हणून बोलवावे, मानधन द्यावे आणि आपल्याच पंगतीस बसवावे. ज्या मुलीला हे सहा महिने मनापासून जमेल, तिला तिच्या आईवडिलांनी निःशंक मनाने आशीर्वाद द्यावा.