कॉम्प्युटर बदलायचा, पण ठरवायचं कोणी?

(बोईसर येथे महिला समुपदेशन केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘कार्यालयीन कामकाज आणि तंत्रज्ञान’. शिबिरात हा विषय नेहमी जेवणानंतर ठेवतात आणि निम्म्या जणी डुलक्या घेतात. म्हणून तंत्रज्ञानावर भाषण न करता, आमच्या केंद्रात २०२५ च्या पावसाळ्यात एका साध्या प्रश्नावरून किती वाद झाले ते सांगते. प्रश्न असा, की कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची की आहे तीच चालू ठेवायची?

आमचं केंद्र इथेच बोईसरला, दोन खोल्यांचं. येणाऱ्या बाया तारापूर-चिंचणीकडच्या, डायमेकिंग करणाऱ्या घरांतल्या. एमआयडीसीत पॅकिंगला जाणाऱ्या. नवऱ्यामागे उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या. पाड्यांवरच्या वारली बाया. कॉम्प्युटर तीन. त्यातला एकही आम्ही विकत घेतलेला नाही. कारखान्यांनी नवे घेतले की जुने आमच्याकडे येतात, पूर आला की जुन्या साड्या येतात तसे. सगळ्यांत जुन्यावर विंडोज सात, बाकी दोघांवर विंडोज दहा. त्या दोघांच्या पडद्यावर सूचना यायला लागली की १४ ऑक्टोबर २०२५ नंतर या प्रणालीची देखभाल बंद.

देखभाल बंद म्हणजे कॉम्प्युटर बंद नाही, हे आधी समजून घेऊ. एवढ्या मोठ्या प्रणालीत भोकं राहतातच. ती सापडली की त्यातून चोर शिरतात, आणि कंपनी साधारण दर महिन्याला त्यावर ठिगळं पाठवते. मुदत संपली की ठिगळं येणं थांबतं. कॉम्प्युटर पहिल्यासारखाच चालतो, म्हणून तर फसायला होतं. थोडी सवलत होती: घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणखी एक वर्ष, काही अटींवर. संस्था-कचेऱ्यांसाठी मात्र दर यंत्रामागे पहिल्या वर्षाला ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. आपण संस्थेत मोडतो.

बैठकीत आमचे एक विश्वस्त म्हणाले, “चालतंय ना? मग कशाला हात लावता?” मराठी माणसाचा पंखा, स्कूटर आणि संसार या तिन्हीबद्दल हाच सल्ला असतो. दुकानदार म्हणाला, तिन्ही भंगारात काढा, नवे घ्या. तसं तो म्हणणारच. कार्यालय सांभाळणाऱ्या आमच्या ताई म्हणाल्या, “मला सगळं परत शिकायला लावणार असाल तर आधी सांगा.” आणि मी, खरं सांगते, गप्प बसले. मला वाटलं, हा काही आपल्या चळवळीचा प्रश्न नाही, खरेदीचा आहे.

चार वर्षांपूर्वी मार खाऊन केंद्रात आलेली एक बाई आता आमच्या समितीवर आहे. ती शेवटी बोलली. “त्या डब्यात माझा अर्ज आहे. माझ्या पाठीचे फोटो आहेत. मी सासरहून पळून कुठे राहत होते तो पत्ता आहे. आणि डब्याचं काय करायचं हे तुम्ही दुकानदाराला विचारताय?”

त्यानंतर कोणाला खरेदीचं बोलता येईना.

एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला केस-रेकॉर्ड कसं लिहावं ते दोन वर्षं शिकवलं. गोपनीयता म्हणजे कपाटाला कुलूप आणि किल्ली कंबरेला, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. कपाट जाऊन डबा आला आणि किल्ली कोणाकडे गेली, हे मी कधी तपासलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी बसलो आणि कोणत्या कॉम्प्युटरवर काय आहे त्याची वहीत यादी केली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे, कलम १२ चे अर्ज. संरक्षण अधिकाऱ्यांना दिलेल्या घटना अहवालांच्या प्रती. जखमांचे फोटो. नवऱ्याच्या धमक्यांचं फोनवरून घेतलेलं ध्वनिमुद्रण. बायकांचे माहेरचे, मैत्रिणींचे, आश्रयाचे पत्ते. बँकेचे खाते क्रमांक. हे सगळं कुलपाशिवाय, तीन ठिकाणी विखुरलेलं.

आता धोका खरा किती? घाबरवून माल विकणारे पुष्कळ आहेत, म्हणून घडलेल्या दोन गोष्टी सांगते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू जगभर पसरला. फायली कुलूपबंद करायचा आणि खंडणी मागायचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत त्यापायी सुमारे १९,००० रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्या भोकाचं ठिगळ कंपनीने मार्चमध्येच दिलं होतं. बळी पडलेली बहुतेक यंत्रं विंडोज सातची होती, म्हणजे तेव्हा देखभाल चालू असलेल्या प्रणालीची. ठिगळ आलं होतं, लावलं कोणी नव्हतं. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्याकडे न्हावाशेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडलं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. तेव्हा नवं सगळं सुरक्षित, असंही नाही.

तारापुरात राहणाऱ्यांना हे पटायला जड जाऊ नये. आपल्या अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या केंद्राबद्दल, पोफरण-अक्करपट्टीच्या विस्थापनाबद्दल आपलं म्हणणं आपण वेळोवेळी मांडलंय, ते बाजूला ठेवू. पण इतकी जुनी यंत्रं पन्नास वर्षं चालवायची तर रोज कोणीतरी त्यांच्यापाशी बसावं लागतं, भाग बदलावे लागतात, क्षमता कमी करावी लागते. वयाइतकाच प्रश्न देखरेखीचा असतो. आमच्या डब्यांपाशी कोणीच बसत नव्हतं.

मग यंत्रं तपासली. विंडोज अकराला ‘टीपीएम २.०’ नावाची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या दोनपैकी एक बसला, एक नाही. जो बसला त्याला नवी प्रणाली फुकट मिळते. त्या चिपचा उपयोग काय, हे मला आधी कळत नव्हतं. हार्ड डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवला तर त्याची किल्ली या चिपमध्ये राहते. उद्या कोणी डबा चोरला, डिस्क काढून दुसरीकडे लावली, तरी वाचता येत नाही. आमच्यासाठी ही मोठी गोष्ट. कारण बोईसरसारख्या गावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कोणाचा तरी दीर असतो, कोणाच्या तरी नवऱ्याचा मित्र असतो. आमच्या बायकांना धोका रशियातल्या चोरापेक्षा दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या माणसाचा जास्त.

आणि तिथेच आम्ही ठेचकाळलो. प्रणाली चढवायला दुकानातला मुलगा आला. भला मुलगा, चहासुद्धा नको म्हणाला. कॉम्प्युटरने खातं मागितलं तेव्हा त्याने पटकन स्वतःचा ई-मेल टाकला, “मॅडम, नंतर बदला.” डिस्क सांकेतिक झाली की अडचणीच्या वेळी उघडण्यासाठी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली तयार होते, आणि ती त्या खात्यात साठवली जाते. म्हणजे आमच्या सगळ्या बायकांच्या कपाटाची किल्ली त्या मुलाच्या फोनमध्ये! त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आम्हाला आठ दिवसांनी कळलं, तेही ताईंनी “हे कोणाचं नाव दिसतंय वरती?” असं विचारलं म्हणून. सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं, संस्थेच्या खात्याने. किल्ली कागदावर लिहून दोन पाकिटांत, दोन ठिकाणी ठेवली. कारण ती हरवली तर आपल्यालाही डिस्क उघडत नाही. तुमच्याकडे कोणी बसवून दिलं असेल तर आज घरी जाण्याआधी फोन करून विचारा, वरती नाव कोणाचं आहे. त्याच वेळी हेही पाहा, की कागदपत्रांचा फोल्डर आपोआप कंपनीच्या इंटरनेटवरच्या साठवणीत जातोय का. जात असेल तर ठेवायचं की थांबवायचं ते विचार करून ठरवा.

कोर्टाचंही सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे कॉम्प्युटरमधली नोंद पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्या काळात यंत्र नीट चालत होतं हे त्यात सांगावं लागतं. जुन्या कलम ६५-बमध्येही हे होतंच. विषाणू लागलेल्या, तारीख मागे पडलेल्या, कोणीही उघडू शकणाऱ्या यंत्राबद्दल असं सही करून द्यायची वेळ आली तर? समोरचा वकील एवढंच विचारेल.

राहिला सर्वांत म्हातारा, विंडोज सातवाला. त्याची देखभाल जानेवारी २०२० मध्येच संपली होती आणि तो खुशाल इंटरनेटला जोडलेला होता. त्याला भंगारात काढणं सर्वांत सोपं. पण त्याच्यावर २००९ पासूनची कागदपत्रं, जुन्या मराठी फॉन्टमधली. तुमच्यापैकी कितीतरी जणींकडे हेच असेल. त्या फॉन्टमध्ये अक्षरं खरं तर इंग्रजी असतात, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडलं की बाईची सगळी कर्मकहाणी म्हणजे नुसती रोमन अक्षरांची रद्दी. युनिकोडमध्ये उतरवता येतं, पण रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. पहिल्याच अर्जात बाईचं नाव चुकलं आणि सासऱ्याचं बरोबर आलं, त्यावर आम्ही खूप हसलो. पण नाव चुकलेला अर्ज कोर्टात काय कामाचा? पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधीच्या केसेस ठाणे जिल्ह्याच्या नावाने. त्या बायका अजूनही थकलेल्या पोटगीसाठी जुने कागद मागायला येतात.

शेवटी समितीने ठरवलं ते असं. आठव्या पिढीच्या कॉम्प्युटरवर विंडोज अकरा, आणि केसचे कागद फक्त त्याच्यावर. दुसऱ्यावर लिनक्स मिंट, फुकट मिळणारी मुक्त प्रणाली. त्यावर पत्रव्यवहार, इतिवृत्तं, शिबिरांचे हिशेब. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं अशाच मुक्त प्रणालीवर चालतात, तर आपल्याला का जमू नये? जमलं, पण आमचा स्कॅनर काही त्याला जुमानेना, तो पहिल्यालाच जोडावा लागला. आणि तिथल्या प्रत्येक आवृत्तीलाही साधारण पाच वर्षांची मुदत असतेच. कायमची सुटका कुठेच नाही. विंडोज सातवाल्याची इंटरनेटची वायर काढली. त्याच्यावरचं सगळं उतरवून झालं की डिस्क काढून आम्ही स्वतः हातोड्याने फोडणार आहोत. दुकानात देणार नाही.

ताई आठवडाभर चिडचिडल्या. इनस्क्रिप्टची कळपाटी त्यांना पंधरा दिवसांत आली, माझ्याआधी. आता दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी ठिगळं आली का ते त्याच पाहतात आणि वहीत सही करतात. समितीवरची ती बाई त्याच वहीत शेजारी सही करते.

जुने कागद उतरवायला दर शनिवारी दोघी बसतात, एक मूळ वाचते, दुसरी तपासते. २००९ आणि २०१० झालं. २०११ चालू आहे. तुमच्याकडे वाचून दाखवणाऱ्या कोणी असतील तर शनिवारी दुपारी दोननंतर पाठवा. मात्र त्यांचं नाव आधी समितीपुढे ठेवू, मग वही हातात देऊ.