आमचे घर : थोडे समाधान, थोडी हळहळ
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्यांपैकी पुष्कळ तरुण कुटुंबे सध्या शहरात सदनिका घेण्याच्या खटपटीत आहेत, तेव्हा आम्ही २०१४ साली साताऱ्यास घेतलेल्या घराविषयी चार शब्द सांगावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक, कायदेपंडित नव्हे. जे अनुभवास आले तेवढेच सांगू.

नोकरीच्या काळात बदल्यांमुळे आम्ही अकरा बिऱ्हाडे केली. एका घरमालकांनी भिंतीस खिळा ठोकण्याची मनाई केली होती, म्हणून आमच्या वडिलांची तसबीर तीन वर्षे ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवावी लागली. नव्या घरात आल्यावर पहिल्याच दिवशी आम्ही खिळा ठोकला. त्या हातोडीच्या आवाजाने जे सुख झाले, ते पेन्शनीच्या पहिल्या हप्त्यानेही झाले नाही. करारनाम्यात सौभाग्यवतींचे नाव प्रथम घातले होते. त्यांच्या नावाने आलेले विजेचे पहिले बिल त्यांनी मंगळसूत्राच्या डबीत घडी करून ठेवले आहे. ते अजून तेथेच आहे.

आता दुसरी बाजू. सबंध नोकरी आम्ही मुलांना लांबी गुणिले रुंदी शिकविली, आणि स्वतःचे घर मात्र न मोजता घेतले! विकणाऱ्याने ८५० चौरस फूट सांगितले, त्यावर आम्ही दर ठरविला. ताबा मिळाल्यावर शिंप्याची टेप घेऊन मोजले, तो आतली जागा ६१० भरली. उरलेली जागा जिन्यात, भिंतींत आणि गच्चीकडे जाणाऱ्या वाटेत आमच्या नावावर पसरलेली होती. करारनाम्यात चटईक्षेत्राचा आकडा होता. आम्ही वाचला नाही, हा दोष आमचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या पक्की केली आहे. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची धरीत नाहीत. नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकणाऱ्यास घेता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. नव्या इमारतीत घर घेणाऱ्याने महारेराचा नोंदणी क्रमांक आधी विचारावा, पेढे मागाहून खावे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. सदनिका आपली झाली म्हणजे जमीनही आपली झाली, अशी आमची समजूत होती. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याखालील नियमांप्रमाणे संस्था नोंदविल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यावयाची असते. आमच्या विकासकांनी ती दिली नाही. २००८ च्या दुरुस्तीने अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. त्या वाटेने आमचे काम झाले, पण कागद जमविताना दोन वर्षे गेली.

असो. पैशाची आणि कागदाची हळहळ ओसरते. एक मात्र ओसरली नाही, आणि ती सांगावी की न सांगावी याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम अपुरी पडली, तेव्हा वाई तालुक्यातील वडिलार्जित घरातील आमचा हिस्सा आम्ही चुलतबंधूंस विकला. व्यवहार रास्त झाला. त्यांच्याविषयी तक्रार नाही. मातोश्रींनी अंगठा दिला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांचे मौन म्हणजे संमती, असे आम्ही सोयीने धरून चाललो. गृहप्रवेशाच्या दिवशी मात्र दारात थांबून त्यांनी विचारले, “आरं, हितं उंबरा कुठाय?” संगमरवराची एक पट्टी होती, तिच्यावरच त्यांनी हळदकुंकू वाहिले.

घर तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीस उद्वाहन नाही. वरचा मजला स्वस्त होता, वारा चांगला येतो, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, अशी कारणे आम्ही त्या वेळी सर्वांस हौसेने सांगत होतो. मातोश्रींचे गुडघे आम्ही हिशेबात धरले नाहीत. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या खाली उतरल्याच नाहीत. “मला चार दिस गावाला न्हे,” असे त्या म्हणू लागल्या. चुलतबंधूंनी तोवर जुने घर पाडून स्लॅबचे बांधावयास घेतले होते. न्यावयाचे तरी कोठे? आम्ही “दिवाळीनंतर पाहू” म्हणत राहिलो. २०१८ च्या माघात त्या गेल्या. त्या जिन्यावरून त्यांना चौघांनी खाली आणले, तेव्हा वळणावर पाय अडखळत होते. ती वळणे आम्ही घर पाहावयास गेलो त्या दिवशी मोजली असती, तर तळमजल्याची खोली, लहान का होईना, घेतली असती.

सौभाग्यवती म्हणतात, “अहो, हे घर नसतं तर त्यांना शेवटी दवाखान्याजवळ कुठं ठेवलं असतं?” त्यांचे म्हणणे खोटे नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि आम्ही त्या घरात सुखाने राहतो हेही खरे आहे.

आता आमचेही गुडघे बोलू लागले आहेत. इमारतीस बाहेरून उद्वाहन बसविता येईल काय, हा विषय संस्थेच्या पुढील सभेपुढे आहे. तळमजल्याचे सभासद वर्गणी देण्यास नाखूश आहेत, आणि त्यांचेही चूक नाही. आपल्यापैकी ज्यांना करारनाम्याचा मसुदा सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावयाचा असेल, त्यांनी आमच्याकडे अवश्य यावे. संध्याकाळी आम्ही घरीच असतो. तीन जिने मात्र चढावे लागतील.