दाखल रुग्णावर फ्लूच्या औषधाची परीक्षा

२००९ साली पुण्यात स्वाइन फ्लू पसरला आणि ऑसेल्टामिविर हे नाव घरोघरी पोचलं. पण या औषधाला मान्यता मिळाली होती ती मुख्यतः घरीच बऱ्या होणाऱ्या रुग्णांवरच्या चाचण्यांवरून. ताप, खोकला, अंगदुखी किती लवकर ओसरते, हे तिथं पाहिलं होतं.

दाखल झालेल्या रुग्णाचं तसं नसतं. तो बहुधा उशिरा येतो, जोडीला दमा किंवा मधुमेह असतो. ताप उतरला तरी ऑक्सिजन सुटत नाही. मग बरा झाला म्हणायचं कधी? नुसते मृत्यू मोजायचे, तर हजारो रुग्ण लागतात.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा पायऱ्या ठरवल्या: मृत्यू, आयसीयू, ऑक्सिजनवर वॉर्डात, ऑक्सिजनविना वॉर्डात, घरी पण अशक्त, घरी आणि कामाला लागलेला. सातव्या दिवशी कोण कुठल्या पायरीवर, एवढंच बघायचं. प्रतिपिंडांनी भरलेलं इम्युनोग्लोब्युलिन तिथं एकंदरीत निष्प्रभ ठरलं. मोजपट्टी मात्र मला चोख वाटते.

दुसरा पेच नीतीचा. अत्यवस्थ माणसाला नुसती खोटी गोळी कशी देणार? म्हणून 'फ्लॅगस्टोन' चाचणीत नेहमीचं औषध सगळ्यांनाच दिलं आणि वर कुणाला बॅलोक्झाविर हे फ्लूचं दुसरं औषध, कुणाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. सुधारणेला लागलेला काळ ९७.५ तास विरुद्ध १००.२ तास, म्हणजे फरक नाहीच म्हणा. कोविडकाळात डेक्सामेथासोनचा उपयोग दाखवणाऱ्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीनं पुढे फ्लूच्या दाखल रुग्णांसाठीही ऑसेल्टामिविर, बॅलोक्झाविर आणि तेच स्टेरॉइड तपासायला घेतलं.