अपुरा राहिलेला पाठ



पनागरच्या या व्यासपीठावरून आज मी एका शिक्षकाचे स्मरण करतो. नारायण वामन टिळक यांनी गावोगावी शिक्षकी केली. आपल्याच जुन्या मध्य प्रांतात, 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना, आगगाडीतील एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाईंशी ताटातूट झाली. पुढे संसार पुन्हा जुळला. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंना शाळा लाभली नव्हती. त्यांना लिहिते-वाचते केले ते पतीनेच. टिळकांनी 1909 साली आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ 1919 साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते या शिष्येने पूर्ण केले, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्रही लिहिले.

शिक्षकाचे आयुष्य केवळ वर्षांनी का मोजावे? टिळक सत्तावन्न वर्षे जगले. त्यांचा पाठ मात्र 1936 साली लक्ष्मीबाईंनी डोळे मिटेपर्यंत चालू राहिला. हिंदीच्या या मुलखात आपल्या शाळेने मराठीचा धडा आरंभिला आहे. पालकहो, तो पूर्ण करणे घराच्या हाती आहे.