काम आपलं, तर नावही आपलं



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे मी एआयबद्दल किंवा नोकऱ्यांबद्दल बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मला मात्र आज एका क्रमांकाबद्दल बोलायचं आहे. उद्यम नोंदणी क्रमांक. केंद्र सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या छोट्या उद्योगाला सवलती मिळतात, त्या याच क्रमांकावर. विषय रुक्ष आहे हे मला मान्य आहे. म्हणून आधी घरातली एक गोष्ट सांगतो.

माझे अब्बा सुतार. मी सातवीत असताना त्यांच्याकडे शाळेची बाकं करण्याचं मोठं काम आलं. खरं तर ठेका होता एकाचा, त्याने काम दिलं दुसऱ्याला, आणि दुसऱ्याने अब्बांना. तीन महिने आमच्या अंगणात रात्री अकरा-अकरापर्यंत रंधा चालायचा. बाकं गेली. प्रत्येक बाकावर पिवळ्या रंगात पुरवठादाराचं नाव होतं. निम्मे पैसे मिळाले. उरलेले 'बिल निघालं की देतो' या शब्दावर अडकले. अब्बांनी दोन वर्षं चकरा मारल्या. शेवटी त्या माणसाने विचारलं, "तुम्ही काम केल्याचा काही कागद आहे का?" कागद नव्हता. विषय तिथेच संपला.

असे अब्बा आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलं आहे. वेल्डिंग, शिलाई, वायरिंग, छपाई, एसी दुरुस्ती. सरकारी कचेऱ्यांना लागणाऱ्या कितीतरी वस्तू आपल्या हातून जातात. बिलावर नाव मात्र दुसऱ्याचं असतं.

आता तो क्रमांक कसा मिळतो ते सांगतो. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी उद्यम नोंदणी आली. ती उद्यमरजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन या एकाच सरकारी संकेतस्थळावर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. हे 'मोफत' नीट ऐका. अगदी तसंच दिसणारी खासगी संकेतस्थळं सर्चमध्ये सापडतात, ती हजार-दोन हजार घेतात. कोणी फी मागितली की समजा, तुम्ही चुकीच्या दारात आहात. आधार, पॅन, बँक खातं आणि आधारला जोडलेला मोबाईल एवढं जवळ ठेवा. कागद अपलोड करावे लागत नाहीत. सगळी माहिती तुमच्या शब्दावर घेतली जाते, आणि खोटी निघाली तर कायद्यात दंड आहे. मिळालेला क्रमांक कायमचा असतो, दरवर्षी नूतनीकरण नाही. एका उद्योगाला एकच क्रमांक, पण त्यात एकापेक्षा जास्त कामं लिहिता येतात.

जीएसटीची भीती बरेच जण घालतात. महाराष्ट्रात साधारणपणे मालाच्या ४० लाखांपर्यंतच्या आणि सेवेच्या २० लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, आणि ज्याला सक्ती नाही त्याला उद्यमसाठीही जीएसटी क्रमांक लागत नाही. निविदा भरताना मात्र तो बहुतेक ठिकाणी मागतात. तेव्हा पहिली पायरी आज चढा, दुसरीची तयारी ठेवा.

दोन ठिकाणी आपली मुलं हमखास अडकतात.

पहिलं ठिकाण नावाचं. आपल्या एका 'शेख'ची इंग्रजीत चार स्पेलिंगं होतात. आधारवर मोहम्मद पूर्ण, पॅनवर नुसतं एमडी, बँकेत तिसरंच काही. माणसाला कळतं की हा एकच माणूस आहे. मी रोज कॉम्प्युटरशी बोलतो, म्हणून सांगतो, त्याला ते कळत नाही. तो अक्षराला अक्षर लावून बघतो आणि जुळलं नाही की परत पाठवतो. पोर्टलला शिव्या देण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवा आणि नाव, जन्मतारीख एकसारखी करून घ्या. या दुरुस्तीला काही आठवडे जातात. निविदेच्या शेवटच्या तारखेला ती होत नाही.

दुसरं ठिकाण कामाच्या कोडचं. अर्जात पाच आकडी एनआयसी कोड निवडावा लागतो. लाकडी फर्निचर बनवण्याचा कोड ३१००१, मापाने कपडे शिवून देण्याचा १४१०५. माझ्या मावसभावाचा अर्ज एका एजंटने भरला. भाऊ स्वतः कपाटं बनवतो, पण एजंटने त्याला फर्निचरचा किरकोळ विक्रेता करून टाकलं. पहिलीच निविदा भरली तेव्हा बयाणा रकमेची माफी नाकारली गेली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम क्रमांक मिळतो, पण तो बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरता. सरकारी खरेदीतल्या सवलती बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहेत. भावाने घरी बसून कोड दुरुस्त केला. त्यालाही पैसे लागत नाहीत. पण ती निविदा हातची गेलीच.

या सवलती कोणत्या? २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सरकारी कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. निविदेचे कागद मोफत मिळतात, बयाणा भरावा लागत नाही. काम मिळाल्यावर द्यायची सुरक्षा ठेव मात्र माफ नाही. सगळ्यांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या वर १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला उतरून कामाचा काही भाग घेण्याची संधी तुम्हाला मिळते. केंद्राची बहुतेक खरेदी जेम पोर्टलवर होते, तिथल्या तुमच्या खात्याला उद्यम क्रमांक जोडायला विसरू नका. राज्य सरकार, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या निविदा महाटेंडर्सवर येतात. त्यांच्या अटी वेगळ्या असतात, त्या प्रत्येक वेळी वाचा.

त्या २५ टक्क्यांत ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहेत. आता इथे बसलेल्या भावांशी थोडं कडक बोलतो. बहिणीच्या नावावर नोंदणी करायची, सही तिची घ्यायची, बँकेचं कार्ड आपल्या खिशात ठेवायचं, हा धंदा करू नका. ती अमानतीत खयानत आहे. आपल्या वस्त्यांत खरोखर शिवणाऱ्या, मसाले करणाऱ्या, पिशव्या बनवणाऱ्या बायका आहेत. क्रमांक त्यांचा, खातं त्यांचं, निर्णय त्यांचा असू द्या. तुम्ही फक्त फॉर्म भरायला शेजारी बसा.

एक प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी हळू आवाजात विचारतात. "भाई, आपलं नाव बघून काम देतील का? त्यापेक्षा मित्राच्या नावावर घेतलं तर?"

मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. निविदेत नाव लपत नाही, आणि नाव बघून तोंड फिरवणारी माणसं जगात आहेत. उद्यमच्या अर्जात धर्माचा रकाना नाही, पण माणसाच्या मनात तो असू शकतो. तरीही मित्राच्या नावावर काम घेऊ नका. मित्र कितीही सच्चा असो, कागदावर काम त्याचं, अनुभव त्याचा, पुढची निविदाही त्याचीच. दहा वर्षांनी तुम्ही तिथेच असाल, जिथे माझे अब्बा होते. स्वतःच्या नावाने भरलेली निविदा नाकारली गेली तर जेमवर कारण दिसतं, ठरलेल्या मुदतीत त्यावर हरकत घेता येते. माहिती अधिकारात कागद मागता येतात. डावललं गेल्याची तक्रार करायलाही आधी रांगेत आपली नोंद असावी लागते. जो रांगेत नव्हताच, त्याला कोणी डावललं हे सिद्ध कसं होणार?

आणि निविदा भरायची नसेल, दुसऱ्याच्या हाताखालीच काम करायचं असेल, तरीही क्रमांक घ्या. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे फक्त सरकारला लागू नाही, माल घेणाऱ्या खासगी ठेकेदारालाही आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. मात्र नोंदणी काम घेण्याआधी करा. भांडण झाल्यावर केलेली नोंदणी मागच्या व्यवहाराला उपयोगी पडेल या भरवशावर राहू नका. आणि कामाची ऑर्डर, चलन, बिल, तिन्ही लेखी घ्या. व्हॉट्सॲपवर तरी घ्या.

कुरआनातली सगळ्यांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. आपण तिचं पठण करतो आणि बाजारात जाऊन म्हणतो, "जाऊ द्या, ओळखीचाच माणूस आहे, कागद कशाला?" अब्बाही हेच म्हणाले होते.

अब्बा आता थकलेत. कारखाना धाकटा भाऊ बघतो. मागच्या वर्षी आम्ही त्याची नोंदणी केली, तेव्हा अब्बा मोबाईल हातात घेऊन बराच वेळ ते प्रमाणपत्र बघत होते. मग एवढंच म्हणाले, "नाव बरोबर आलंय का, नीट बघ." अजून सरकारी काम मिळालेलं नाही. दोन निविदा भरल्या, दोन्ही गेल्या. दोन्हींची कारणं आमच्याकडे लेखी आहेत, आणि तिसरी भरायची तयारी चालू आहे.

तुमच्याकडून मला एवढंच हवंय. या आठवड्यात तुमच्या गल्लीतला एक कारागीर किंवा एक खाला निवडा. त्यांच्या शेजारी बसून तिन्ही कागदांवरचं नाव जुळवा आणि अर्ज भरा. पैसे घेऊ नका. एजंट होऊ नका.