आधी घासाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला सहसा कवितेवर बोलायला बोलावतात. मला मात्र या वेळी विषय दिला आहे तो जुन्या स्पोर्ट्स कारचा. ती विकत कशी घ्यावी आणि घेतल्यावर सांभाळावी कशी? विषय देणाऱ्यांची यात चूक नाही. आमच्या घरासमोर कित्येक वर्षं एक गॅरेज होतं. बी.ए.ची पुस्तकं मी त्या गॅरेजच्या बाकावर बसून वाचली. तिथल्या मिस्त्रींना सगळा मोहल्ला उस्ताद म्हणायचा. आज जे सांगणार आहे त्यातलं शहाणपण त्यांचं आहे. चुका तेवढ्या माझ्या.

गोष्ट २०१२ सालची. माझा भाचा नुकता नोकरीत कायम झाला होता. आम्ही मराठवाड्यातले. जालना रस्त्यावर शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून सुरू झालेला. आमच्याकडच्या पोरांना त्या गाड्यांचं वेड तेव्हापासूनचं. त्यातलीच 'ऑक्टाव्हिया आरएस' २००४ साली भारतात आली. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, पण आत १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवरचं. पोर कॉलेजात असताना रस्त्यानं ती गेली की मान वळवून बघत राहायचा. आता तशीच एक वापरलेली गाडी विकायला निघाली होती आणि याच्याजवळ पैसे थोडे कमी पडत होते. ते तो आईकडे मागत होता.

आई म्हणजे माझी थोरली बहीण, आपा. भाईजान गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे तिनं बँकेत ठेवले होते. त्याला हात लावायचा नाही, असं तिचं ठरलेलं. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "भाई, पोराचं मन मोडवत नाही. तू एकदा गाडी बघ. तू हो म्हणालास तर देते, नाही म्हणालास तर नाही."

आता आली का पंचाईत? मी उस्तादांकडे गेलो. ते तेव्हा सत्तरीचे होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मियाँ, घोडा लेना है तो पहले घास का हिसाब करो."

हा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला. जुनी गाडी स्वस्त होते, तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. पंधरा-वीस लाखांची गाडी तुम्हाला चार लाखांत मिळाली, तरी तिचा क्लच, तिचे शॉक अॅब्सॉर्बर, तिचा टर्बो पंधरा-वीस लाखांच्या गाडीचाच राहतो. म्हणून खिशात चार लाख असतील तर तीन लाखांची गाडी बघावी. उरलेला चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवावा. ज्याला हे जमत नसेल त्यानं साधी गाडी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. गाडी पाहण्याआधी आणखी एक करावं. आपल्या गावात त्या गाडीचं काम जाणणारा माणूस आहे का आणि भाग किती दिवसांत येतात, याची चौकशी करावी. नाही तर पाचशे रुपयांच्या सेन्सरसाठी गाडी महिनाभर ताडपत्रीखाली उभी राहते.

पहिली गाडी बघायला आम्ही तिघं गेलो. चकाकत होती. भाच्याचा चेहरा तिच्यापेक्षा जास्त चकाकत होता. उस्तादांनी गाडीभोवती फेरीसुद्धा मारली नाही. सरळ बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट कोमट होतं. "हम आने से पहले ही चलाके रखी है," एवढंच म्हणाले.

जुनी गाडी नेहमी थंड असताना सुरू करून बघावी. इंजिनाचे बरेचसे रोग थंडीत बोलतात आणि गरम झाल्यावर गप्प बसतात. मागच्या नळीतून निळसर धूर आला तर इंजिन किंवा टर्बो ऑइल जाळतो आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट इंजिनात शिरतंय. ते काम महागाचं. ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू पाहावी. काळा चिकट थर असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, आणि टर्बो इंजिनात त्याला माफी नसते.

मग मीटर. आकडा कमी म्हणून भुलू नये, तो मागे फिरवता येतो. पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं आणि ड्रायव्हरच्या सीटची कड मात्र खोटं बोलत नाहीत. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं क्लच पेडल गुळगुळीत झालेलं असेल, तर तो आकडा सोडून द्यावा.

उस्तादांनी विचारलं, "टायमिंग बेल्ट कधी बदलला?" मालक म्हणाला, "बदललाय." "बिल?" बिल नव्हतं. उस्ताद म्हणाले, "बिल नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं."

हा बेल्ट म्हणजे रबराचा दातेरी पट्टा. खालच्या क्रँकशाफ्टला वरच्या कॅमशाफ्टशी जोडून ठेवतो. पिस्टन कधी वर यावा आणि वाल्व कधी उघडावा, याचा ताल तो सांभाळतो. अशा बऱ्याच इंजिनांत तो तुटला की ताल चुकतो, पिस्टन उघड्या वाल्ववर आदळतो आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्टला किलोमीटरची मुदत असते तशी वर्षांचीही असते. दोन्हींतली जी आधी संपेल ती खरी. गाडी उभी राहिली तरी रबर म्हातारं होतंच.

त्यानंतर त्यांनी डिकीतलं कार्पेट उचललं आणि स्टेपनीच्या खळग्यातून बोट फिरवलं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. ते काय शोधत होते, हे मला नंतर कळलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत किती गाड्या पाण्याखाली गेल्या. २०१९ साली सांगली-कोल्हापूरनं तेच पाहिलं. बुडालेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या गावात उभी केली तर ओळखू येत नाही. पण सीट बेल्टच्या आतल्या गुंडाळीत आणि कार्पेटखाली गाळ राहतो. त्या गाडीत गाळ नव्हता, मात्र पुढच्या डाव्या चाकावरच्या पत्र्याला नवं वेल्डिंग होतं. अपघात झालेला होता आणि तो सांगितलेला नव्हता.

मी नाही म्हणालो. भाचा परत येताना एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर म्हणाला, "मामू, तुम्हाला कविता कळते, गाडी नाही." पुढं आठ दिवस आमच्याकडे फिरकला नाही.

त्याला जे सांगायला हवं होतं ते मी तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतो. १९९८ साली मी स्वतः एक जुनी गाडी घेतली होती, उस्तादांना न विचारता. टायरांची नक्षी खोल होती, म्हणून टायर नवे समजलो. बीडहून कविसंमेलन आटोपून येताना पुढचा टायर फुटला आणि गाडी बाभळीवर गेली. शेजारी माझा कविमित्र बसलेला होता. त्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं. पुढं कित्येक वर्षं त्याला उजवा हात खांद्याच्या वर नेता येत नव्हता. तो कधी मला काही बोलला नाही. पण व्यासपीठावर तो डाव्या हातानं कागद धरायचा, तेव्हा मी खाली बघायचो. टायर जुने होते, नुसते कमी चाललेले.

म्हणून श्रोतेहो, टायरच्या कडेला बघा. आज तिथं एक चार आकडी खूण असते. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा-सात वर्षांपुढच्या टायरवर वेगानं जाऊ नये. वेगवान गाडीला तिच्या वेगाला साजेसे टायर आणि ब्रेक पाहिजेत. त्यात काटकसर म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाच्या जिवावरची काटकसर.

दुसरी गाडी दोन महिन्यांनी मिळाली. रंग थोडा फिका, एक दरवाजा ओरखडलेला. पण मालकानं एक जाडजूड फाइल पुढं केली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनं लावलेलं. उस्तादांनी गाडीआधी फाइल वाचली. मग भाच्याला म्हणाले, "बेटा, ये आदमी गाडी बेच रहा है, मुसीबत नहीं."

गाडी चालवून बघताना त्यांनी वेग काढला नाही. वरच्या गिअरमध्ये हळू जात असताना अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचे फेरे नुसतेच चढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच संपत आलाय. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहिलं. खराब रस्त्यावरून नेऊन खालचे आवाज ऐकले. इंजिनाची ताकद बाहेरून वाढवून घेतली आहे का, हेही विचारलं. तशी गाडी शक्यतो टाळावी. वाढवलेल्या ताकदीचा ताण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो सोसतात, आणि विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर भरपाईच्या वेळी वाद होतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो. चेसिस आणि इंजिनाचे नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघावेत. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३० लागतात. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं आणि इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो. दिल्ली परिसरात १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. हा टॅक्स धरून मगच त्या स्वस्त आहेत का ते ठरवावं. गाडी नावावर झाली की १४ दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. बाकी असलेल्या दंडाची चलनं सौद्याआधी सरकारी परिवहन पोर्टलवर बघून घ्यावीत.

मी हो म्हणालो. आपानं पैसे दिले. ते देताना तिचा हात थरथरला, हे मी पाहिलं.

पहिल्याच महिन्यात उस्तादांनी बाजूला ठेवलेला चौथा हिस्सा कामाला लावला. टायमिंग बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलले, कारण तिन्हींपर्यंत पोचायला मजुरी एकच. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट नवं. चारही टायर नवे. रबराच्या चिरलेल्या नळ्या बदलल्या. भाचा कुरकुरला, "गाडी तर चांगली चालत होती." उस्ताद म्हणाले, "अब तुम्हारी हुई. आज से तारीख लिखना शुरू करो."

मग त्यांनी त्याला टर्बो समजावून सांगितला. इंजिनाच्या जळालेल्या गरम वायूवर एक चक्र फिरतं, मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर. ते ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतं. म्हणून सकाळी गाडी सुरू केली की ऑइल गरम होईपर्यंत जोर लावायचा नाही. लांबून वेगानं आलात तर शेवटचे एक-दोन किलोमीटर शांतपणे यायचं, मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं आणि मग चावी फिरवायची. तापलेल्या टर्बोत ऑइल थांबलं की ते करपतं. कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचं सिंथेटिक ऑइल वापरायचं आणि मुदतीच्या आधीच बदलायचं. गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवायची नाही. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पुरतं तापेल इतकी फिरवायची.

आज त्या गाडीला वीस वर्षं उलटली. पंधरा वर्षं झाल्यावर तपासणी करून, हरित कर भरून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली होती, नंतर पुन्हा एकदा. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून भाचा दर सर्व्हिसला पेट्रोलच्या नळ्या तपासून घेतो. वही अजून चालू आहे, दुसरी. पहिली भरली.

उस्ताद आता नाहीत. गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. आपाचे पैसे भाच्यानं दोन वर्षांत परत केले. पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा ती म्हणाली होती, "एवढ्या पैशांत हिची सीट जरा उंच नव्हती का मिळत?" आता तिचे गुडघे दुखतात, त्या खोल सीटवरून उठायला तिला हात द्यावा लागतो. तो भाचा देतो. ती पहिली, चकाकणारी गाडी कोणी घेतली आणि तिचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. त्या गाडीत आपा बसलेली नाही, एवढं माझ्यासाठी पुरेसं आहे.

गाडी हौसेनं घ्या, श्रोतेहो. हौसेला मोल नसतं असं म्हणतात, पण टायरला असतं. ते आधी बाजूला काढून ठेवा.